वेगाचा हिशेब

रात्रीच्या प्रवासात एस.टी.च्या पुढच्या बाकावर जागा मिळाली की एक गंमत हमखास पाहायला मिळते. लहानपणापासून मी ती पाहत आलो आहे. समोरून येणारा ट्रक दोनदा दिवे मिचकावतो. आमचा ड्रायव्हर लगेच पाय सैल सोडतो, गाडी एकदम शहाण्यासारखी चालू लागते, आणि पुढच्या वळणावर झाडाखाली पोलिसांची जीप उभी असते. जीप मागे पडली की गाडी पुन्हा पहिल्यासारखी पळू लागते. ड्रायव्हर मंडळी याला 'डिपर मारणे' म्हणतात. ना ओळख, ना पाळख, तरी एक माणूस दुसऱ्याला सावध करतो. एके काळी मला यात मोठी माणुसकी दिसायची. तरुणपणी त्यावर मी एक कविताही केली होती.

१९९१ साली माझा मावसभाऊ गेला. आमच्या तालुक्याच्या गावाबाहेर एक फाटा आहे, तिथे तो सायकलवरून रस्ता ओलांडत होता. वय एकोणीस. एका भरधाव टेम्पोने त्याला उडवले आणि टेम्पो तसाच निघून गेला. दिवेलागणीची वेळ होती. फाट्यावर चहाची टपरी होती, दोनचार माणसेही होती. पण टेम्पोचा नंबर कुणी पाहिला नाही. पंचनामा झाला, कागद झाले. पुढे काही नाही. त्या रात्री त्या टेम्पोवाल्यालाही कुणी तरी डिपर मारून सावध केले असेल का, हा विचार माझ्या मनातून कधी गेला नाही. ती कविता मी माझ्या संग्रहात घेतली नाही.

हे सगळे आज आठवायचे कारण म्हणजे रस्त्यावरचे कॅमेरे. हल्ली महामार्गावर, चौकाचौकांत हे डोळे लागले आहेत. दंडाचा संदेश थेट मोबाइलवर येतो. लोक चिडतात, विनोद करतात, शिव्या देतात. मीही त्यातलाच. पण चिडता चिडता मी या यंत्राचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात रमलो. मी बी.ए. झालेला माणूस, गणिताशी संबंध दहावीलाच सुटलेला. तरी जे समजले ते सांगतो.

हा खेळ आपण समजतो त्याहून जुना आहे. १९०३ साली ब्रिटनमध्ये मोटारींसाठी कायदा झाला आणि वेगाची मर्यादा ठरली ताशी वीस मैल, म्हणजे सुमारे बत्तीस किलोमीटर. आता ही मर्यादा कुणी ओलांडली हे ठरवायचे कसे? पोलीस रस्त्याचा एक तुकडा मोजून घेत. झुडपाआड शिपाई घड्याळ घेऊन बसत. गाडीने तेवढे अंतर किती सेकंदांत कापले ते पाहायचे आणि गुणाकार-भागाकार करून खटला भरायचा. मोटारवाले म्हणत, शिपायाचे घड्याळ चुकीचे. शिपाई म्हणे, माझे घड्याळ बरोबर. न्यायाधीश बहुधा शिपायाचे ऐकत.

यावर मोटारवाल्यांनी तोड काढली. १९०५ साली त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन नावाची संस्था काढली. तिची माणसे सायकलवरून रस्त्याने फिरत आणि पुढे पोलीस दबा धरून बसले असतील तर सभासदांना खुणेने सावध करत. आपल्या डिपरचे हे पणजोबाच म्हणायचे! १९१० साली न्यायालयाने सांगितले की, वेगात असलेल्या गाडीवाल्याला असे सावध करणे म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा. तेव्हा संस्थेने आणखी गमतीची युक्ती केली. एरवी सभासदाची गाडी दिसली की संस्थेचा माणूस सलाम ठोकायचा. सभासदांना कळवण्यात आले की, आमच्या माणसाने सलाम केला नाही, तर थांबून त्याला कारण विचारा. सलाम न करणे हीच धोक्याची सूचना. आता सलाम केला नाही म्हणून कुणाला कोर्टात कसे खेचणार?

सांगायचा मुद्दा असा की, मोटार रस्त्यावर आली त्या दिवसापासून गाडीवाल्याच्या मनातला प्रश्न 'मी किती वेगात आहे' हा नव्हता. 'मला कुणी पाहत आहे का' हा होता. बैलगाडी जाऊन मोटार आली, कंदील जाऊन हेडलाइट आले, तरी हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाला नवे उत्तर दिले ते एका शर्यतबाजाने. मॉरिट्स गॅट्सोनिड्स हे त्याचे नाव. जातीचा डच, पण जन्म १९११ साली जावा बेटावरचा. तेव्हा तिथे डचांचे राज्य होते. हा माणूस गाड्यांच्या शर्यतींत आयुष्य रमलेला. १९५३ साली त्याने माँटे कार्लोची प्रसिद्ध रॅली फोर्ड झेफिर गाडीतून जिंकली. वळणावर गाडी नक्की किती वेगाने जाते हे त्याला जाणून घ्यायचे होते, म्हणजे तो वेग आणखी वाढवता आला असता. म्हणून त्याने रस्त्यावर रबरी नळ्या आडव्या टाकल्या. पहिल्या नळीवरून चाक गेले की घड्याळ सुरू, दुसऱ्या नळीवरून गेले की बंद. मधले अंतर माहीत, वेळ माहीत. वेग हाती आला. जे शिपाई झुडपाआड बसून करत होता, तेच, पण शिपायावाचून.

मला या गोष्टीचे फार नवल वाटते. ज्या यंत्राला आज जगभरचे वाहनचालक शिव्या घालतात, ते मुळात दुसऱ्याला पकडण्यासाठी नव्हतेच. एका माणसाने स्वतःची चूक स्वतःला दिसावी म्हणून ते केले होते. पुढे पोलिसांना त्याचा उपयोग लक्षात आला. १९५८ साली गॅट्सोनिड्सने आपली कंपनी काढली, यंत्राला कॅमेऱ्याची जोड मिळाली, मग नळ्या जाऊन रडार आले. १९९८ साली तो वारला. वेगाचे वेड मात्र शेवटपर्यंत सुटले नाही. आपल्याच कॅमेऱ्यांत आपण अनेकदा सापडतो आणि टपालाने दंड येतो, असे तो स्वतःच सांगायचा.

ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्याने अशा यंत्राचा पुरावा न्यायालयात मान्य होण्याची वाट मोकळी केली आणि १९९२ साली पश्चिम लंडनमध्ये, थेम्स नदीवरच्या ट्विकनहॅम पुलाजवळ पहिला वेग-कॅमेरा उभा राहिला. यंत्र गॅट्सोचेच. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. रडारने वेग जास्त असल्याचे सांगितले की कॅमेरा गाडीच्या मागच्या बाजूचे दोन फोटो घेतो. दोन फोटोंमध्ये अर्ध्या सेकंदाचे अंतर. रस्त्यावर ठरावीक अंतराने पांढऱ्या रेघा मारलेल्या असतात. पहिल्या फोटोत गाडी कोणत्या रेघेवर आहे आणि दुसऱ्या फोटोत कोणत्या, एवढे पाहिले की कोणालाही हिशेब करता येतो. ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या सेकंदात साधारण ११ मीटर पुढे सरकते. ती जास्त सरकली असेल तर तिचा वेगही जास्त.

या पांढऱ्या रेघा मला रडारपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. रडार म्हणते, माझ्यावर विश्वास ठेवा. रेघा म्हणतात, तुम्हीच मोजून पाहा. दंड घेणाऱ्याने आपला हिशेब दंड भरणाऱ्यापुढे मांडायचा, ही साधी पद्धत आहे. आमच्या गावचा किराणा दुकानदारसुद्धा उधारीची वही ग्राहकापुढे उघडी ठेवायचा.

त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मचा रोळ असे. रोळ संपला की माणूस जाऊन बदलायचा. शिवाय रस्त्यावर डबे जास्त आणि आतले कॅमेरे कमी अशी स्थिती होती. कॅमेरे या डब्यातून त्या डब्यात फिरवत. पण रिकाम्या डब्यालाही लोक भीत आणि वेग कमी करत. शेतातले बुजगावणेच ते!

कॅमेरा गाडी पाहतो, चालवणारा माणूस पाहत नाही, हाही एक घोळ होता. म्हणून गाडीच्या मालकाला नोटीस जाते आणि चालवत कोण होते ते त्याने कळवायचे असते. २००३ साली क्रिस ह्यून या राजकारण्याची गाडी अशीच कॅमेऱ्यात सापडली. त्याच्या पत्नीने, चालवत मी होते, असे सांगून लायसन्सवरचे दंडाचे गुण स्वतःवर घेतले. पुढे ह्यून मंत्री झाला. मग नवराबायकोत बेबनाव झाला आणि खोटेपणा उघडकीस आला. २०१३ साली दोघांनाही आठ-आठ महिन्यांची कैद झाली. किरकोळ दंड भरून मिटले असते असे हे प्रकरण. खोटेपणाने ते तुरुंगापर्यंत गेले.

आता कोणीही विचारील, या सगळ्याने माणसे वाचली का? या विषयावरच्या पस्तीस अभ्यासांचा एकत्र आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेऱ्यांच्या परिसरात प्राणघातक आणि गंभीर जखमांचे अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. यात एक मेख आहे, तीही सांगितली पाहिजे. जिथे एखाद्या वर्षी फार अपघात झाले तिथेच कॅमेरा लावतात. एक वर्ष वाईट गेले की पुढचे वर्ष कॅमेरा नसतानाही बहुधा थोडे बरे जाते, जसा एका साली अवकाळी पाऊस झाला म्हणून दर साली होत नाही. त्यामुळे सगळे श्रेय कॅमेऱ्याच्या पदरात घालता येत नाही. पण त्या आढाव्यातल्या सगळ्या अभ्यासांचा कौल एकाच बाजूचा होता: कॅमेऱ्यानंतर अपघात कमी झाले. आणि याचे कारण साधे आहे. वेग दीडपट झाला की धडकेचा जोर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतो. ताशी ४० ने येणारी गाडी आणि ६० ने येणारी गाडी यांत रस्ता ओलांडणाऱ्याच्या दृष्टीने जगण्यामरण्याचा फरक असतो.

मग लोकांचा एवढा राग का? मला वाटते, राग कॅमेऱ्याचा नसतो. 'हे माझ्या जिवासाठी आहे की माझ्या खिशासाठी?' या संशयाचा असतो. हा संशय कसा हाताळायचा, यावर त्या त्या देशाचे यश ठरले.

ब्रिटनमध्ये २००० सालापासून एक पद्धत सुरू झाली. दंडाच्या रकमेतून कॅमेऱ्यांचा खर्च भागवण्याची मुभा स्थानिक यंत्रणांना मिळाली. लोक म्हणू लागले, हा तर गल्ला भरण्याचा धंदा. तेव्हा अटी घातल्या गेल्या. जिथे पूर्वी जीवघेणे अपघात झाले आहेत तिथेच कॅमेरा लावायचा. तो लपवायचा नाही. २००१ च्या अखेरीस सरकारने जाहीर केले की करड्या रंगाचे डबे भडक पिवळे करायचे, लांबूनच दिसले पाहिजेत. किती पकडले यापेक्षा किती जणांनी आधीच वेग कमी केला, याला महत्त्व आले. पुढे २००७ मध्ये दंडाचा पैसा आणि कॅमेऱ्याचा खर्च यांची ही सांगडही सोडवण्यात आली.

हे भान सुटले की काय होते, ते अमेरिकेतल्या शिकागो शहरात दिसले. सिग्नल तोडणाऱ्यांना टिपणाऱ्या कॅमेऱ्यांचे तिथले कंत्राट लाच देऊन मिळवलेले निघाले. ते काम पाहणाऱ्या महापालिकेच्या माजी अधिकाऱ्याला २०१६ साली दहा वर्षांची शिक्षा झाली. कॅमेऱ्याचा डोळा स्वच्छ होता, पण त्याच्यामागची माणसे स्वच्छ नव्हती. त्यानंतर ज्याला दंड झाला, त्याने त्या कॅमेऱ्यावर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?

फ्रान्सची कथा आणखी बोलकी आहे. १४ जुलै २००२ रोजी, राष्ट्रीय सणाच्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी रस्त्यावरचे मृत्यू रोखणे हे आपल्या कारकिर्दीचे एक मोठे काम असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबर २००३ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेला पहिला स्वयंचलित रडार-कॅमेरा बसला. २००२ साली तिथे रस्त्यावर साडेसात हजारांहून अधिक माणसे मेली होती. २०१० साली ही संख्या चार हजारांच्या खाली आली. यात कॅमेऱ्यांबरोबर दारूविरोधी कडक कारवाई, सुधारलेल्या गाड्या यांचाही वाटा होता. पण कॅमेऱ्यांचा वाटा मोठा होता हे तिथले जाणकार मानतात. आणि याच फ्रान्समध्ये २०१८ च्या जुलैत ग्रामीण दुपदरी रस्त्यांवरची मर्यादा ताशी ९० वरून ८० केली, पाठोपाठ नोव्हेंबरात इंधनावरच्या कराविरुद्ध पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले, आणि लोकांनी देशातले निम्म्याहून अधिक कॅमेरे फोडले, जाळले किंवा रंगवून आंधळे केले. ज्या यंत्राने त्यांची माणसे वाचवली, त्याच यंत्रावर लोक तुटून पडले; कारण त्यांना त्यात रक्षक दिसेना, वसुली कारकून दिसू लागला.

कॅमेऱ्याची एक सुधारलेली जात आहे, ती मला विशेष भावली. एका जागी वेग मोजला की लोक तिथेच ब्रेक दाबतात आणि पुढे पुन्हा सुसाट, अगदी डिपर मिळालेल्या एस.टी.सारखे. म्हणून दोन कॅमेरे लांब अंतरावर बसवतात. गाडीचा नंबर पहिल्यात किती वाजता दिसला, दुसऱ्यात किती वाजता, यावरून सरासरी वेग निघतो. समजा, मधले अंतर १० किलोमीटर आणि मर्यादा ६० ची. म्हणजे किमान १० मिनिटे लागलीच पाहिजेत. गाडी सातच मिनिटांत पोहोचली, तर ती सरासरी ८५ च्या वर होती. यात एका क्षणाची चूक धरत नाहीत, सगळी वाटचाल पाहतात. लहानपणी आजी सांगायची की माणसाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, एक बरे लिहितो, एक वाईट. शेजारच्या आजी चित्रगुप्ताच्या वहीचे सांगायच्या. दोघींचेही म्हणणे असे की, हिशेब एका दिवसाचा नसतो, सगळ्या आयुष्याचा असतो.

आता आपल्याकडे येऊ. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांतली १५ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रातली. दहांपैकी सात मृत्यूंच्या नोंदीत कारण लिहिले आहे: अतिवेग. मुंबईत २०१६ पासून ई-चलन सुरू झाले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन महामार्गांवर आणि शहरांत इलेक्ट्रॉनिक देखरेखीची तरतूद आली. २०२४ पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेऱ्यांची मोठी यंत्रणा काम करू लागली. २०२५ च्या जुलैत याच ई-चलनांच्या विरोधात मालवाहतूकदारांनी राज्यात संप केला. म्हणजे जग ज्या रस्त्याने गेले, त्याच रस्त्याने आपणही चाललो आहोत.

या कायद्याखाली २०२१ मध्ये जे नियम झाले, ते मी वाचून पाहिले. त्यात म्हटले होते की, इथे कॅमेरा आहे अशी सूचना देणारे फलक ठळकपणे लावावेत, यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे, गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवावी. म्हणजे पिवळ्या डब्याचा आणि पांढऱ्या रेघांचा धडा कागदावर तरी आपण घेतला आहे.

कागदावर म्हणतो, याचे कारण माझाच अनुभव. गेल्या वर्षी मोबाइलवर संदेश आला: अतिवेगाबद्दल दोन हजार रुपये दंड. मर्यादा ६०, माझा वेग ८३. जागा पाहिली आणि माझे हातपाय गार पडले. तोच फाटा. ज्या फाट्यावर माझा मावसभाऊ गेला, तोच.

आधी मी स्वतःची समजूत घातली की तिथे मर्यादेचा फलक नव्हताच. मुद्दाम जाऊन पाहिले. फलक होता. त्याच्यापुढे कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स लागला होता, त्यामागे तो झाकला गेला होता. हसावे की रडावे कळेना. मी फोटो काढला आणि संबंधित कार्यालयात अर्ज दिला. अर्जात दंड माफ करा असे लिहिले नाही, फ्लेक्स काढा असे लिहिले. दोनदा खेटे घातल्यावर तो निघाला. दंड मी भरला. कारण फलक दिसो न दिसो, त्या फाट्यावर हळू जायला मला तरी कुणी सांगायला हवे होते का?

घरी आलेल्या खालाला मी ही हकिकत सांगितली. खाला आता ऐंशीच्या पुढची आहे. मला वाटले होते, ती रागावेल. ती म्हणाली, "दिखा तो फोटू." मी मोबाइलवर चलनाचा फोटो मोठा करून तिच्या हातात दिला. माझी गाडी, फाटा, बाजूचा कडुनिंब, जिथे पूर्वी चहाची टपरी होती ती जागा. तिने चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. गाडीकडे नव्हे, खाली, पाटीकडे.

"नंबर कित्ता साफ दिखरा," एवढेच ती म्हणाली, आणि मोबाइल माझ्या हातात परत दिला.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)